शर्यतीचा माळ

आमच्या अणदूरकडं बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणत नाहीत. तो शब्द विदर्भातला. अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचा शंकरपट मी पेपरातच वाचला. पुण्याच्या अंगाला, खेड, आंबेगाव, जुन्नरात त्याला बैलगाडा म्हणतात. तिथं गाड्याला चार बैल, पुढं घोडी, आणि चढाचा घाट किती सेकंदांत मारला ते घड्याळावर मोजतात. सातारा-सांगलीकडं आखून दिलेल्या चाकोऱ्यांतून पाच-सहा छकड्या एकदम सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. आमच्याकडं नुसतं शर्यती. ‘अमक्या गावाला शर्यती हायेत’ एवढं म्हटलं की कशाच्या, हे कुणी विचारत नव्हतं.

मी शर्यतीची जोडी कधी बाळगली नाही. मी बघ्या. पण पन्नास वर्षं एकच गोष्ट बघत राहिलं की बघ्यालाही त्यातलं कळायला लागतं. बैल पळवणाऱ्यांनी लिहिलं तर ते आपल्याच बैलाचं लिहितील, म्हणून मीच लिहायला बसलो.

आधी मुलूख सांगतो, कारण त्याशिवाय शर्यत कळत नाही. अणदूर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या शेजारी. आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो. देवाला दोन गावं, तशी आमच्या दावणीलाही दोन जाती. उगवतीला लातूर-उदगीरचा देवणी बैल आणि मावळतीला सांगोला-आटपाडीचा खिल्लार. देवणी म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके, अंगानं भरलेला, स्वभावानं गरीब. त्यात पुन्हा वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून तीन प्रकार. गाय दूध देते, बैल काळ्या रानात दिवसभर नांगर ओढतो. खिल्लार वेगळाच. पांढरा, निमुळत्या तोंडाचा, मागं वळलेल्या लांब शिंगांचा आणि तापट. नवा माणूस जवळ गेला की फुरफुरतो. त्याला पळ असतो. देवणीला पळ नसतो असं नाही, पण त्याला पळायचं कारण पटवून द्यावं लागतं.

आमच्या काळ्या रानात लोखंडी नांगर एका जोडीनं हलत नव्हता. चार बैल लागायचे, हराळी असली तर सहा. ज्याच्याकडं एकच जोडी तो दुसऱ्याशी वारंगुळा करायचा. चार दिवस माझ्यात, चार दिवस तुझ्यात. म्हणून गावात बैल मोप. जोंधळ्याची सुगी झाली, कडब्याच्या गंजी लागल्या, की चैत-वैशाखात रानं मोकळी आणि बैलही मोकळे. त्याच दिवसांत जत्रा, आणि जत्रा म्हटली की शर्यत. कामाच्या बैलांच्या सुट्टीतला खेळ होता तो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं कोर्टात जो वाद झाला त्यात ही गोष्ट कुणी नीट मांडली असं मला वाटत नाही.

याच्या आधीची शर्यत म्हणजे कारहुणवी. कानडी मुलूख आम्हाला लागून. उमरगा, अक्कलकोट या पट्ट्यात जेठ महिन्याच्या पुनवेला बैल रंगवतात, शिंगांना गोंडे बांधतात आणि संध्याकाळी वेशीत पानांचा कर बांधून बैल पळवतात. ज्याचा बैल पहिल्यांदा कर तोडील त्याचा मान. पांढऱ्या बैलानं तोडला की तांबड्या बैलानं, यावरून यंदा खरीप साधणार की रब्बी, ते म्हातारी माणसं सांगायची. तिथं गाडी नाही, चाबूक नाही, बक्षीस म्हणजे नारळ आणि फेटा. मला वाटतं आमच्या लोकांना बैल पळताना बघायची गोडी तिथूनच लागली.

माझे आजोबा जुन्या शर्यतीचं सांगायचे ते निजामाच्या राज्यातलं. तवा छकडी नव्हती. घरचीच गाडी, तिचा साटा काढून ठेवायचा आणि नुसत्या दांड्यांवर माणूस उभा. लाकडी चाकाला लोखंडी धाव. शर्यतीच्या आधी लोहाराकडं गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवून पुन्हा बसवून घ्यायची, कारण ढिली धाव माळावर निसटली तर गाडी उलटते. एका वेळी दोनच जोड्या सुटायच्या. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे १९४८ ला, आमच्या भागात शर्यती झाल्या नाहीत. आजोबांना साल आकड्यात सांगता यायचं नाही. ‘ज्या वर्षी मिल्ट्री नळदुर्गात आली त्या वर्षी शर्यत न्हाई’ असं ते सांगायचे.

मी पहिली शर्यत बघितली तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. ती आता नीट आठवत नाही. नीट आठवते ती बंद पडलेली शर्यत, बहात्तरच्या दुष्काळातली. मी बारा वर्षांचा होतो. माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. कडबा संपला तशी लोकांनी छपरांचं गवत उपसून जनावरांपुढं टाकलं. शेजारच्या गल्लीत एक खिल्लार जोडी होती, दोन वर्षं शर्यतीत कुणाला हार गेली नव्हती. मालकानं ती बाजारात नेली आणि आला तो नुसते कासरे खांद्यावर टाकून आला. काय भाव मिळाला ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षं आमच्या आसपास शर्यत भरलीच नाही. बैलच नव्हते.

पण पंचाहत्तरपासून नव्वदपर्यंतचा काळ म्हणजे काय सांगावं! माझं दहावी झालं, पुढं शाळा नव्हती, शेत होतं आणि सायकल होती. वीस-पंचवीस किलोमीटरवर कुठं शर्यत असली तरी आम्ही पाच-सहा जण पहाटे निघायचो. भाकरी फडक्यात बांधलेली, वर कांदा आणि शेंगाची चटणी. माळावर पोचायच्या आधीच हलगी ऐकू यायची. लांबून बघितलं तर माळाच्या दोन्ही अंगाला माणसांची भिंत, झाडांवर पोरं, गाड्यांच्या साट्यात बायका. हो, बायकाही यायच्या. शर्यत हा गड्यांचाच खेळ असं आता म्हणतात, पण ज्या बैलाला चार वर्षं हातानं चारा घातला त्याला पळताना बघायला घरची बाई येणारच की.

शर्यतीच्या आधीचा एक तास मला शर्यतीपेक्षा जास्त आवडायचा. बैल झाडाखाली बांधलेले असायचे आणि जाणती माणसं त्यांच्याभोवती फिरायची. आधी खुरं बघायची, मग मागचे पाय, मग खांदा. दात बघायचे. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले तर दुसा, चार आले तर चौसा, सगळे आले की जुळला. कोण आतल्या खांद्याचा, कोण बाहेरच्या, हे विचारायचं. खांदा बदलला तर चांगला बैलही पळत नाही. खुराक काय, तेही विचारायचं, आणि खरं कुणी सांगायचं नाही. कुणी सरकी म्हणायचा, कुणी उडदाचं भरड म्हणायचा. एक जण तर दर वेळी ‘काय न्हाई, नुस्ता कडबा’ म्हणायचा, आणि त्याच्या बैलाच्या तोंडाला तुपाचा वास यायचा.

मग झेंडा. झेंडा पडला की बैल धरलेली माणसं बाजूला उडी मारतात आणि पुढचं सगळं वीस-पंचवीस सेकंदांत संपतं. ज्यानं बघितलं नाही त्याला हे कळायचं नाही की एवढ्यासाठी माणसं पंचवीस किलोमीटर सायकल का मारतात. चांगली जोडी पळते तेव्हा दोन बैल दिसतच नाहीत, एकच काहीतरी पांढरं जमिनीला लागून येताना दिसतं. माना खाली, शेपट्या सरळ, आणि गाडीवानाचे पाय दांडीवर टिकतात कसे याचं नवल वाटतं. धुरळा खाली बसेपर्यंत भांडण सुरू झालेलं असतं. कुणाचं जू पुढं होतं? पंचानं कुठून बघितलं? त्या भांडणात दोन तास जायचे आणि ते दोन तासही तिकिटाविना.

आता वाईट तेही सांगतो. पराणीच्या टोकाला खिळा असायचा. नियमानं नसायचा, पण असायचा. शेपटी पिरगाळायचे, काही जण तर दातानं चावायचे. पुढं बॅटरीचा शॉक आला. मी बघितलेलं आहे, त्याच्यावर पांघरूण घालायची मला गरज नाही. एका शर्यतीत, गावाचं नाव सांगत नाही, माळाच्या मधोमध उंदरानं पोखरलेली जागा होती. त्यात डाव्या बैलाचा पुढचा पाय गेला. हाड मोडल्याचा आवाज आम्ही उभे होतो तिथपर्यंत आला. दुसरा बैल त्याला तसाच ओढत दहा पावलं गेला. मालक आला, बैलाच्या डोक्याजवळ बसला आणि त्यानं आपला फेटा काढून बैलाच्या डोळ्यांवर टाकला. बैलाचा पाय मोडला की तो बसत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असतं. तरी अर्ध्या तासात माळ साफ करून पुढची जोडी सुटली. त्या दिवशी माझ्यासोबतचा एक जण उठून गेला तो पुन्हा कधी शर्यतीला आला नाही. मी जात राहिलो.

लोक म्हणतात शर्यत कोर्टानं बंद पाडली. कागदावर ते खरं आहे. पण आमच्या भागात शर्यत त्याच्या कितीतरी आधीपासून पातळ होत चालली होती, आणि ती कुणी बंद केली नव्हती.

पहिलं ट्रॅक्टर. सुरुवातीला एखाद्या बागायतदाराकडं असायचं, पुढं भाड्यानं मिळायला लागलं. सहा बैलांचा नांगर आठ दिवस चालायचा ते काम सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत व्हायला लागलं. मग सहा बैल कशाला? लोकांनी चार विकले, पेरणी-कोळपणीला दोन ठेवले. दुसरं वाटण्या. भाऊ वेगळे झाले, वीस एकरांचे पाच-पाच एकर झाले. पाच एकराला जोडी परवडत नाही, वारंगुळा करायला शेजाऱ्याकडंही बैल नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे सोयाबीन. आमच्याकडं जोंधळा होता तोवर कडबा होता. माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा एकाच ताटातून यायचा. सोयाबीन आलं, पैसा दिसला, जोंधळा आटला. सोयाबीनच्या भुसकटावर बैल पोसत नाही. कडबा विकत घ्यायची पाळी आली तेव्हा शेतकऱ्यानं पहिल्यांदा बैलाकडं खर्च म्हणून बघितलं. त्याच्या आधी तो घरातला माणूस होता. माणसाचा कुणी खर्च धरतो का?

आणि माळ गेले. शर्यतीला सरळ, मोकळी, दगड वेचलेली जागा लागते. आमच्या रस्त्याकडेचा माळ म्हणजे कुणाच्याच कामाचा नव्हता, म्हणून सगळ्यांच्या कामाचा होता. हमरस्ता चौपदरी झाला तसे माळाचे प्लॉट पडले. ज्या पट्टीवर जोड्या सुटायच्या तिथं आता धाबा आणि पंक्चरचं दुकान आहे.

हे सगळं होत असताना ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं एक अधिसूचना काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करायला बंदी होतीच, त्या यादीत बैल घातला. वाघ-सिंहाच्या पंगतीत आमचा बैल जाऊन बसला, पण उपाशी. पुढं ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतलं जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. त्यात असं म्हटलं होतं की बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळायची नाही. देवणीपुरतं मी ते मान्य करतो. खिल्लार मोकळा सोडला तर पळतोच, हे मी रोज बघितलंय. पण खिळ्याची पराणी आणि शॉक यांचं जे त्यात लिहिलं, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. ते ज्यांनी केलं त्यांनीच बंदी ओढवून आणली.

२०१७ च्या जानेवारीत जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लोक बसले आणि तमिळनाडूनं कायदा केला. त्याच वर्षी आपल्या सरकारनंही केला. मुंबई उच्च न्यायालयानं तो अडवला. मधल्या वर्षांत शर्यती चोरून चालायच्या. पहाटे, आडरानात, निरोप फोनवर. मी एकदाही गेलो नाही. माझ्या वयाच्या माणसानं पोलिसांना बघून पळायचं म्हणजे तीच वेगळी शर्यत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आटपाडी तालुक्यात झऱ्याला आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी असताना शर्यत जाहीर केली आणि एवढ्या बंदोबस्तातही पहाटे गाड्या पळाल्या. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींवर परवानगी दिली. पुढच्या वर्षी खासदार अमोल कोल्हे निमगाव दावडीच्या घाटात घोडीवर बसले, ते टीव्हीवर बघितलं. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा कायम केला. आता कलेक्टरची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर तपासतो, आणि बैलाला इजा केली तर पाच लाखापर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे चांगलंच झालं. आधीच असतं तर दहा वर्षं गेली नसती.

बंदी उठली त्या दिवशी आमच्या पारावर पोरांनी गुलाल उधळला. मी बघत होतो. त्या पोरांतल्या एकाच्याही दावणीला बैल नव्हता.

बंदीच्या काळात काय झालं ते आकड्यात सांगतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातली नर जनावरं ६ कोटी ७९ लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती ४ कोटी ७४ लाख भरली. सात वर्षांत दोन कोटी गेली. त्याच काळात गाई १२ कोटी २९ लाखांवरून १४ कोटी ५१ लाखांवर गेल्या. म्हणजे दूध पाहिजे, बैल नको. जर्सीला गोऱ्हा झाला तर त्याचं काय होतं ते गोठ्यातल्यांना विचारा. आपल्या राज्यात तर २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यावर मी मत देत बसत नाही, पण थकला बैल विकून त्यात भर घालून नवा खोंड घ्यायचा, ही जी शेतकऱ्याची रीत होती ती तिथं तुटली. थकल्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, मग नवा घेणारा कमी झाला. पुढं दुष्काळाची वर्षं आली, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसांना पाणी रेल्वेनं, तर बैलाला कुठून?

आताच्या शर्यती मी बघतो, बघत नाही असं नाही. २०२३ साली सांगली जिल्ह्यात भाळवणीला थार गाडीचं बक्षीस होतं आणि बकासूर आणि महिब्या या जोडीनं ते मारलं. नातवानं मोबाईलवर दाखवलं. वर ड्रोन फिरत होता, माणूस माईकवर बोलत होता, लाखभर तरी माणूस असावा असं दिसत होतं. बैल देखणे होते, पळ तर असा की आमच्या वेळच्या जोड्या मागं राहिल्या असत्या. हे मी जुना बघ्या असून कबूल करतो. खिल्लार खोंडाला आता लाखांत भाव आहे, आणि सांगोल्या-आटपाडीकडं त्यामुळं खिल्लार गाय पुन्हा दावणीला आली, हेही खरं. शर्यत नसती तर ती जात आणखी आटली असती. आमच्या देवणीला मात्र असं कुणी वाली नाही. तो पळत नाही, म्हणून त्याच्यावर थार लागत नाही.

दोन वर्षांमागं सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी शर्यतीला गेलो होतो. आता एसटीनं जातो. जुन्या सवयीनं आधी झाडाखालचे बैल बघत फिरलो. एक आदत खोंड बघितला, कोसा रंगाचा, लहानखुरी शिंगं, कातडी रेशमासारखी. मी त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. औताच्या बैलाच्या खांद्याला घट्टा असतो, जू घासून कातडी जाड होते. जुनी माणसं त्या घट्ट्यावरून बैलानं किती रान ओढलंय ते सांगायची. ह्याचा खांदा लोण्यासारखा मऊ.

“कुठल्या रानात चालतो ह्यो?” मी विचारलं.

पोरगा विशीतला होता. तो हसला. “काका, ह्याला औत म्हाईत न्हाई. ह्याच्या खांद्यावर जू येतं ते निस्तं माळावर.”

“आन् शेत?”

“शेताला ट्रॅक्टर हाय की.”

खोंडाला दिवसाला किती दूध, किती अंडी, ते त्यानं मला न विचारता सांगितलं. आमच्या वेळी खुराक लपवायचे. गटात तो खोंड दुसरा आला, म्हणजे बाद. पोरानं मारलं नाही, शिवी दिली नाही. पाणी दाखवलं, पाठीवरून हात फिरवला. पिकअपमध्ये खाली गादी अंथरलेली, वर ताडपत्री. दोघांनी मिळून खोंड चढवला. दुसऱ्या दिवशी माणदेशात कुठंतरी मैदान होतं, तिकडं ते गेले.